विथ ड्यू रिस्पेक्ट

सार्वजनिक जीवनाचा पाया म्हणजे माणसानं जबाबदारीनं उच्चारलेला शब्द, असं नोएल ओहोळ गेली पंचवीस वर्षं शिरूरच्या बारावीच्या वर्गाला सांगत आला होता. रविवारी दुपारी, मांडवगण फराट्याच्या एका मंगल कार्यालयात, शिक्षण मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यानं असेच जबाबदारीचे शब्द उच्चारले. इंग्रजीत उच्चारले. ते पुरे व्हायच्या आत समोरच्या गर्दीनं ‘मंजूर, मंजूर’ असा गिल्ला केला आणि त्याच्या बायकोचं बोर्डिंग बंद करून टाकलं. मग बुंदी वाढायला घेतली.

आणि ती त्यानं खाल्ली. आता इंद्रजीतच्या पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्यावर त्याला सगळ्यात जास्त हेच खात होतं. एक दाणा मागच्या दाढेत अडकला होता, जीभ पुन्हा पुन्हा तिथं जात होती आणि दर वेळी तुपाची, वेलदोड्याची एक गोड चव सुटत होती. मंचावर बसलेल्या माणसाला वाढपी विचारत नाहीत, पानात टाकतात. पानात पडलेलं टाकायचं नाही, हे त्याला लहानपणी शिकवलेलं. म्हणून बायकोच्या आयुष्याचा निकाल लागल्यावर दहा मिनिटांत तो मान खाली घालून मठ्ठा ओरपत होता. शेजारी बसलेले मंडळाचे जुने सभासद बबनराव म्हणत होते, “सर, घ्या अजून, लाजताय काय, घरचंच कार्य हाय.” कार्यालयाच्या दारावर आदल्या लग्नाची थर्माकोलची कमान तशीच होती. तिच्याखालून सभासद आत आले होते, तिच्याखालूनच ढेकर देत बाहेर गेले.

“सर, एक नंबर बोललात,” इंद्रजीत एका हातानं गाडी वळवत म्हणाला. इंद्रजीत म्हणजे मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब, सगळ्यांचे आबा, यांचा थोरला मुलगा, नोएलचा जुना विद्यार्थी, आणि येत्या जिल्हा परिषदेचा भावी उमेदवार. निदान चौकातल्या फ्लेक्सवर तरी तसंच छापलेलं होतं. “आबा म्हणले, ओहोळ सर उभं राह्यले का विषय संपतो.”

“माझं बोलणं अजून व्हायचं होतं, इंद्रजीत.”

“व्हय की. पर लोकांना जेवायचं हुतं.” तो हसला. “आन् सर, तुमचं पुढं काय असणार? धन्यवादच असणार ना?”

काचेवर उसाच्या पाचटाचा एक तुकडा चिकटून फडफडत होता. आपण आत्ता बोललो तर काय बोलू, याचा नोएलनं विचार करून पाहिला, आणि त्याच्या मनात आलेलं पहिलं वाक्य ‘आय वुड लाइक टु प्लेस ऑन रेकॉर्ड’ असं होतं. त्याला स्वतःची किळस आली. राग आला की त्याला इंग्रजी येई. वडिलांचंही तसंच होतं. हेन्री ओहोळ दौंडला रेल्वेत पार्सल ऑफिसात कारकून होते. घरात भाकरी, कालवण, आजारपण, भांडण सगळं मराठीत चाले. पण दारात बाहेरचा माणूस आला, पोलीस आला, नगरपालिकेचा शिपाई आला, की त्यांच्या तोंडातून खळ घातलेल्या शर्टासारखी ताठ इंग्रजी बाहेर पडे. दौंडच्या पोलीस ठाण्यात गणपतीच्या आधी आणि मोहरमच्या आधी शांतता समितीची बैठक भरे. समितीत एक ख्रिस्ती सभासद लागे, तो हेन्री ओहोळ. लहानपणी नोएल एकदा त्यांच्याबरोबर गेला होता. फौजदारांनी गावातल्या मोठ्या माणसांशी तासभर खलबत केलं, मिरवणुकीचा रस्ता ठरला, कुणाचा आवाज चढला, कुणाचा उतरला, आणि शेवटी उठता उठता फौजदार म्हणाले, “मिस्टर ओहोळ, तुमचं काय?” वडील उभे राहिले, कोट ओढून सरळ केला आणि म्हणाले, “फुल को-ऑपरेशन, सर.” सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येताना वडील इतके खूश होते की त्यांनी स्टेशनवर त्याला आमलेट-पाव खाऊ घातला. नोएलला मात्र वाटेत एकच प्रश्न पडला होता, की ह्यांनी को-ऑपरेशन द्यायचं नाही म्हटलं असतं तर मिरवणूक कुठून गेली असती? तो त्यानं विचारला नाही. आमलेट गरम होतं.

शांतता समितीतल्या त्या खुर्चीची गोष्ट आता त्याला कळत होती. ती वडिलांच्या मागोमाग त्याच्याकडे आली होती, जागा फक्त बदलली. शिरूरला जुन्या मिशनच्या वेळचं मुलींचं बोर्डिंग होतं. ते चालवणारा छोटा ट्रस्ट हातपाय गाळून बसला तेव्हा बापूसाहेबांच्या मंडळानं ते आपल्याकडे घेतलं. त्या कार्यक्रमात बापूसाहेबांनी नोएलला शाल घातली आणि माइकवर सांगितलं, “आपलं मंडळ म्हंजी सगळ्या समाजाचं. ओहोळ सर आजपास्नं आपल्यात.” त्या दिवसापासून मंचावरची शेवटची खुर्ची त्याची. हार घालत घालत माणूस तिथवर पोचेपर्यंत हार संपत आणि गुलाबाचं एक फूल हातात येई. शिवाय एक काम आलं, अनुमोदनाचं. ठराव म्हटला की एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो. सूचक घरातला, म्हणजे भावकीतला किंवा कारखान्यातला. अनुमोदक ओहोळ सर. दुखवट्याचा ठराव, अभिनंदनाचा ठराव, मोडक्या बाकांच्या लिलावाचा ठराव, सगळ्यांना त्यानं उभं राहून पाठिंबा दिला होता. तो इंग्रजीत द्यायची पद्धत बापूसाहेबांनीच पाडली. “तुम्ही विंग्रजीत बोला, सर,” ते पहिल्याच सभेत कानाशी म्हणाले होते, “म्हंजी मधी कुणी बोलत न्हाई.” आणि खरंच कुणी बोलत नसे. ‘आय राइज टु सेकंड’ म्हणताना समोरचे फेटे आणि टोप्या शांत होत, एखाद्या आजोबांचा तर हात नकळत छातीशी जाई. नोएलला ती शांतता आदर वाटे. लोक त्या वेळात चप्पल शोधत असत, हे त्याच्या लक्षात येत नसे असं नाही.

गाडी इनामगावाशी आली. घोड नदीचं पात्र उजवीकडे उघडं पडलं होतं, काठाला पंपांच्या पायपांची गुंतागुंत. एकदा तो इथं सहल घेऊन आला होता. नदीकाठच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडलेली. त्या लोकांनी मेलेल्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडून त्याला घरातल्याच जमिनीखाली पुरलं होतं. त्यानं उठून परत येऊ नये म्हणून असेल, असं खोदणाऱ्यांचं म्हणणं. मुलं ‘ई’ करून हसली होती. आता नोएलला ती मोठी समजूतदार व्यवस्था वाटली. माणूस घरातच ठेवायचा, अंगणाबाहेर टाकायचा नाही, कुणी बोल लावायला नको. फक्त त्याच्या चालण्याची सोय तेवढी काढून घ्यायची. त्याची नजर आपल्या पायांकडे गेली. सभेसाठी पॉलिश केलेले बूट गाडीच्या स्वच्छ रबरी चटईवर जोडीनं, शेजारी शेजारी, कुणीतरी ठेवल्यासारखे होते.

“तुम्ही शिकवलेलं लई कामाला येतंय, सर,” इंद्रजीत म्हणत होता. “परवा शिक्रापूरला पत्रकार आडवा आला. रस्त्याच्या खड्ड्यावनं. म्हणलं, लेट द प्रोसेस टेक इट्स ओन कोर्स. गप झाला.”

हो, हेही होतंच. गेल्या उन्हाळ्यापासून दर शनिवारी इंद्रजीत त्याच्या घरी येत होता. सार्वजनिक जीवनात लागतं तेवढंच इंग्रजी हवं होतं त्याला, व्याकरण नको, निबंध नको. आणि नोएलनं ते असं शिकवलं होतं की तसं कॉलेजात कधी शिकवायला मिळालं नव्हतं. नोटेड म्हणजे ऐकलं आणि विसरलो. इन प्रिन्सिपल म्हणजे आज नाही. अंडर कन्सिडरेशन म्हणजे उद्याही नाही. आउट ऑफ कॉन्टेक्स्ट म्हणजे बोललो खरं, पण तुम्ही ऐकायला नको होतं. लार्जर इंटरेस्ट म्हटलं की लहान माणसानं बाजूला व्हायचं. इंद्रजीत मांडीवर थाप मारून हसायचा. “आयला सर, तुम्ही तर आमच्यापेक्षा पुढारी!” नोएललाही मजा यायची. आपण या लोकांच्या ढोंगाची खिल्ली उडवतो आहोत असं त्याला वाटत होतं. एका शनिवारी इंद्रजीतनं विचारलं, “सर, समजा एखादी गोष्ट बंद करायची, पर बंद म्हणायचं न्हाई. त्याला काय म्हणत्यात?” आत स्वयंपाकघरात त्याची बायको मरियम बोर्डिंगच्या भाज्यांचा हिशेब तिथल्या स्वयंपाकीण गिताबाईला समजावत होती, तिचा आवाज येत होता. नोएलनं चष्मा काढून पुसला होता. खेळाडूला सोपा चेंडू आल्यावर होतो तसा त्याला आनंद झाला होता. “रीपर्पझिंग,” तो म्हणाला होता. “बदलत्या काळानुरूप वापर.” इंद्रजीतनं ते मोबाइलमध्ये टाइप केलं. काय बंद करायचंय, हे विचारायचं नोएलला सुचलं नाही. शब्द फारच चपखल बसला होता.

आजच्या विषयपत्रिकेवर सहावा विषय तोच होता: बोर्डिंग इमारतीचा बदलत्या काळानुरूप वापर करण्याबाबत. म्हणजे मुली काढायच्या आणि कंपन्यांतल्या कामगारांना खोल्या द्यायच्या. रांजणगाव, शिक्रापूर, सगळीकडून माणसं खोली मागत फिरताहेत, हे कुणालाही दिसत होतं.

मरियमला पत्रिका वाचून एका मिनिटात कळलं होतं. ती बोर्डिंगची रेक्टर, त्यांचं घरही त्याच आवारात. वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीवरच्या, आईबापांबरोबर सहा महिने गावोगाव फिरणाऱ्या पोरी तिच्याकडे असत. तिनं नवऱ्याला कधी कशासाठी गळ घातली नव्हती. आज सकाळी चर्चला निघताना ती व्हरांड्यात एका मुलीची वेणी घालत बसली होती. दातांत रिबन होती, ती काढून म्हणाली, “दहावीतल्या सीमाचा मामा काल येऊन गेला. बोर्डिंग बंद होणार असं त्यानं ऐकलंय. म्हणाला, मग दहावी राहू द्या, ह्याच लग्नसराईत उरकून टाकतो. पंधरा वर्षांची पोर आहे ती.” मग वेणी घट्ट ओढून तिनं पुढं म्हटलं, “अहो, आज बोला. तुमचं ऐकतात ते. एकदाच बोला, आणि मराठीत बोला.” ‘तुमचं ऐकतात ते’ ह्यावर नोएलची मान किंचित ताठ झाली होती. उपदेशाच्या वेळी चर्चमध्ये बसून त्यानं भाषण जुळवलं. मराठीत सुरू केलं होतं. ‘हा ठराव अन्यायाचा आहे’, हे पहिलं वाक्य. ते फार उघडं वाटलं, अंगावर काहीच न घालता रस्त्यावर आल्यासारखं. म्हणून त्याच्या आधी एक वाक्य घातलं. त्याच्या आधी आणखी एक.

सहावा विषय वाचला गेला, सूचकाचं नाव झालं आणि बापूसाहेबांनी सवयीनं शेवटच्या खुर्चीकडे मान वळवली. “सर.” तो उठला. माइक एकदा किंचाळला. समोर माणसंच माणसं, मागं मंडपात पत्रावळ्या मांडल्याचा आवाज, कढईचा खमंग वास. आणि त्याला पुन्हा वडिलांच्या कोटाचा तो ओढलेला काठ दिसला. ‘रिस्पेक्टेड चेअरमन, डिग्निटरीज ऑन द डायस.’ शांतता झाली. ‘अ‍ॅट द आउटसेट, आय डीपली अ‍ॅप्रिशिएट द व्हिजन ऑफ अवर चेअरमन.’ अ‍ॅप्रिशिएट आणि व्हिजन हे दोन्ही शब्द आता तालुक्यात सगळ्यांना कळतात. पुढच्या रांगेतून टाळ्या आल्या. त्यानं हात वर केला, थांबा असं सांगायला. लोकांना तो पाठिंब्याचा हात वाटला. ‘अँड विथ ड्यू रिस्पेक्ट—’ इथं ‘बट’ यायचं होतं. सगळी रचना त्या ‘बट’वर उभी होती. पण इंग्रजीत विरोध करायला आधी इतका मोठा व्हरांडा ओलांडावा लागतो, आणि तो अजून व्हरांड्यातच होता. बबनरावांनी रुमाल हलवला, “मंजूर!” आणि मग ती लाट आली, मंजूर, मंजूर, मंजूर, मागच्यांनी कशाला मंजूर म्हणतोय हे न विचारता ती आणखी मागं ढकलली, आणि खुर्च्या सरकल्या.

पण ते तेवढंच नव्हतं. गाडी न्हावऱ्याच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली, तेव्हा नोएलला उरलेलंही पाहावं लागलं. लाट ओसरल्यावर एक क्षण होता. माइक त्याच्या हातात होता, चालू होता, त्याचा स्वतःचा श्वास भोंग्यातून मोठा होऊन मंडपभर ऐकू येत होता. बापूसाहेब त्याच्याकडे पाहत होते. त्या जुन्या, पाणीदार डोळ्यांत धमकी नव्हती, घाई नव्हती, नुसतं कुतूहल होतं, बैल आता कुठं वळतो हे बघावं तसं. ‘थांबा’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ‘न्हाई’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिथं बसलेल्या प्रत्येक माणसाला तो शब्द आईच्या दुधाबरोबर येतो. नोएलनं माइक तोंडाशी नेला आणि म्हणाला, “थँक यू.”

“सर, झोपला का काय?” इंद्रजीतनं ब्रेक दाबला. “आलं तुमचं. मॅडमना सांगा, त्यांची सोय आबा बघणार हायेत. हायस्कुलात काहीतरी देऊ. रीडिप्लॉयमेंट.” शब्द बरोबर वापरला गेला का, हे पाहायला त्यानं गुरूकडे नजर टाकली. नोएलनं नकळत मान डोलावली, उच्चार ठीक होता म्हणून.

बोर्डिंगच्या फाटकाशी गिताबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं गाडीकडे पाहिलं, नोएलकडे पाहिलं आणि सूप घेऊन आत निघून गेली. एरवी ती ‘आलं का सायेब’ म्हणायची. मुली मैदानात दोरीच्या उड्या मारत होत्या. सीमा दोरीचं एक टोक धरून उभी होती आणि आकडे मोजत होती, इंग्रजीत, ट्वेंटी-वन, ट्वेंटी-टू. मरियम पायरीवर होती. बातमी तिला कळली असणार, मांडवगणहून शिरूरला बातमी गाडीच्या आधी येते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या दुकानात आपल्याला हवी ती वस्तू नसणार हे माहीत असूनही विचारून आलेल्या माणसाचा थकवा होता.

“जेवलात?” तिनं विचारलं.

“हो.”

“बोललात?”

“बोललो.” मग तो म्हणाला, “पुरतं नाही. त्यांनी मध्येच—”

“कुठल्या भाषेत?”

त्यानं बुटाची नाडी सोडायला खाली वाकून घेतलं. वर तिचा पदर, तिची वहाणेतली बोटं, टाचेला पडलेली भेग. गप्प राहून तिनं त्याला एवढी वर्षं सांभाळलं होतं, हे त्याला त्या भेगेकडे बघताना कळलं, आणि हेही, की तिनं आता सोडून दिलंय.

खिशातला फोन वाजला. मंडळाचा लेखनिक सुदर्शन होता. मागं भांडी घासल्याचा आवाज येत होता. “सर, सहा नंबरच्या ठरावाचं इंग्रजी लागंल. आबा म्हणले, सर चांगलं करत्यात.”

नोएल उभा राहिला. एक बूट पायात, एक पायरीवर. त्याला वाटलं, हा क्षण परत आलाय. मरियम ऐकत होती. दोरी थांबली होती. आणि तो मराठीत बोलला; आवाज चिरकला, पण बोलला. “सुदर्शन, ऐक. त्या ठरावाला मी अनुमोदन दिलेलं नाही. माझं नाव काढ तिथून. माझा विरोध आहे. विरोध आहे असं लिही. आबांना सांग, ओहोळांनी सांगितलंय. मुलींना बाहेर काढायचा हा ठराव अन्यायाचा आहे, मला तो मान्य नाही.” शेवटचं वाक्य म्हणताना त्याचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं ते. मरियमनं मान वर केली होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

पलीकडे सुदर्शनचा आवाज खाली आला. अवघडल्यासारखा.

“सर, तुमचं नाव न्हाईच तिथं.”

“म्हणजे?”

“अनुमोदक बबनराव हायेत.”

“आज माझं नाव घातलं नाहीस?”

“कवाच घालत न्हाई, सर. पयल्यापास्नं बबनरावच. तुम्ही सभासद न्हाई ना, तुम्ही निमंत्रित हाय. निमंत्रिताला अनुमोदन देता येत न्हाई.” मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “विरोध बी करता येत न्हाई, सर. तवा तुम्ही टेन्शन घेऊ नका. इंग्रजी तेवढं उद्या दुपारपर्यंत पाठवा.”

मंडळाच्या घटनेप्रमाणे निमंत्रिताला सभेची सूचना, मंचावर खुर्ची आणि जेवण मिळतं. मत मिळत नाही.